भोपळ्याची पार्टी, मुक्काम दोहा

दोह्यात मुलाचा वाढदिवस ठरवताना आधी हवामान बघतात. मे ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाच्या नशिबी मॉलमधला प्ले एरिया, नाहीतर बिल्डिंगचा पार्टी हॉल, कारण बाहेर पारा 40 अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. नोव्हेंबर ते मार्चमधली मुलं भाग्यवान. त्यांच्यासाठी अल बिद्दा पार्कातली हिरवळ असते, अस्पायर पार्क असतो, कम्पाउंडमध्ये राहणाऱ्यांना मधलं अंगण असतं. वार मात्र सगळ्यांना सारखाच, शुक्रवार किंवा शनिवार. त्यातही शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत अर्धं शहर मिटलेलं असतं, म्हणून आमंत्रणावर वेळ बहुधा संध्याकाळी चार-साडेचारची.

वार आणि जागा ठरली की केकवाला, फुगेवाला आणि वर्गातल्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप या तिघांचा एकच प्रश्न येतो. थीम काय?

तयार थीमला इथे तोटा नाही. एल्सा, स्पायडरमॅन, डायनासोर, युनिकॉर्न. पॅकेजमध्ये फुग्यांची कमान येते, मागचा छापील पडदा येतो, मुलाचं नाव चिकटवलेल्या पाण्याच्या बाटल्या येतात. रियालचे रुपये किती झाले, हा गुणाकार मनात न करता जो बिल देतो तो पक्का आखाती झाला असं समजावं. आम्ही अजून करतो. कमानीचं बिल पाहून तर दोनदा करतो.

या तयार मालात पुस्तक म्हणून हमखास सापडतं ते एकच, एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. 1969 सालचं. कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोकं पाडता पाडता कार्ल यांना पुस्तक कुरतडणारा किडा सुचला. संपादक ॲन बेनेड्यूस यांनी किड्याऐवजी सुरवंट सुचवला, कारण सुरवंटाचं पुढे काहीतरी होतं. पण पानांना भोकं आणि काही पानं अरुंद, असलं पुस्तक अमेरिकेत छापणं परवडेना. शेवटी ते जपानमध्ये छापून घेतलं. आज ते साठाहून अधिक भाषांत आहे आणि त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. कार्ल 2021 च्या मे महिन्यात, 91 व्या वर्षी गेले.

पार्टीवाल्यांना हे पुस्तक का आवडतं ते उघड आहे. ते पुस्तक म्हणजे एक मेनूच आहे. सुरवंट आठवडाभर रोज एकेक वाढवत फळं खातो आणि शनिवारी केकपासून सॉसेजपर्यंत सगळ्यावर तुटून पडतो. मग पोट दुखतं. टेबलावर फळांच्या वाट्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीपुढे वाराची पाटी ठेवली की निम्मं काम झालं. सॉसेज इथे अर्थात हलाल, चिकनचं. दोह्यातल्या मुलांना तो शनिवार तर फारच जवळचा, कारण दुसऱ्या दिवशी रविवारी इथे शाळा भरते.

अशा दोन-तीन पार्ट्यांना लेकीबरोबर गेले. केकवर सुरवंट होता, फुग्यांचा सुरवंट होता, परतभेटीच्या पिशवीवरही सुरवंट होता. पुस्तक कुठेच नव्हतं. मुलं आली, उड्या मारण्याच्या गाद्यांवर उड्या मारून घामाघूम झाली, केक खाऊन गेली. पुस्तकाची पार्टी करायची आणि त्यात पुस्तक वाचायचं नाही, हे मला तरी पटत नाही. वाचायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. तेवढी काढायची नसतील तर युनिकॉर्न काय वाईट?

पुस्तकं या शहरात नाहीत असंही नाही. एज्युकेशन सिटीतलं कतार नॅशनल लायब्ररीचं भवन 2017 च्या नोव्हेंबरात लोकांसाठी उघडलं. रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेने त्याचा आराखडा केला आहे. आत गेलं की एकच अवाढव्य दालन, त्यात पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर चढत गेलेली कपाटं, आणि मधोमध जमिनीत उत्खननासारखा खणलेला हेरिटेज लायब्ररीचा भाग. मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मेट्रोची ग्रीन लाइन थेट दारात नेऊन सोडते, आणि सुट्टीच्या दिवशी दोह्यात मुलांना न्यायला याहून स्वस्त आणि थंड जागा मला ठाऊक नाही. दोह्याचा पुस्तकमेळाही जुना, पहिला भरला तो 1972 साली. अरबी आणि इंग्रजी चित्रपुस्तकं इथे मुबलक.

मराठी पुस्तकं मात्र बॅगेतून येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलं की अप्पा बळवंत चौकात एक फेरी ठरलेली, आणि परत येताना पापड, मेतकूट, गोडा मसाला आणि पुस्तकं यांच्यात वजनावरून भांडण. पुस्तकं पातळ असली तर जिंकतात. म्हणून मुलांची जिंकतात. आमच्या घरच्या कपाटात ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं सगळ्यात जास्त आणि त्यात माधुरी पुरंदरे यांची सगळ्यात जास्त हाताळलेली. 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा मराठी घरांतल्या पाच वर्षांच्या परीक्षकांनी आपला निकाल केव्हाच दिलेला होता.

तर लेकीच्या वाढदिवसाला पुस्तकाचीच पार्टी करायची म्हणून पहिला विचार पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'चा केला. चार दिवसांत सोडला. त्या पुस्तकांत घरातली माणसं आहेत, त्यांच्या सवयी आहेत, बारीकसारीक गमती आहेत. मूल ती मांडीवर बसून बघतं, चित्रात काहीतरी शोधतं, पुन्हा मागचं पान काढतं. वीस मुलांच्या गलक्यात हे होत नाही. सगळ्यात चांगलं पुस्तक सगळ्यात चांगल्या पार्टीचं असेलच असं नाही, आणि तो पुस्तकाचा दोषही नाही. मग तूलिकाचं 'एक्की दोक्की' काढलं. एक केस असलेली आणि दोन केस असलेली, अशा दोन बहिणींची ही आपलीच लोककथा चेन्नईच्या या प्रकाशनाने चित्रपुस्तकातून कितीतरी भाषांत नेली. पण त्यासाठी वीस मुलांना टकलाचे टोप घालावे लागले असते. घरातल्या पुरुषवर्गाने त्याला फारसा उत्साह दाखवला नाही.

शेवटी जिचा वाढदिवस तिनेच निकाल दिला. म्हातारी आणि भोपळा. तिच्याकडे या गोष्टीची मधोमध दोन पिना मारलेली एक पातळ रंगीत पुस्तिका आहे. चित्रं भडक, कागद स्वस्त, वाघ थोडा मांजरासारखा. पुस्तकाच्या कडा तिने दीड वर्षाची असताना चावलेल्या. याहून पक्की आवड कुठली?

मराठी वाचकाला ही गोष्ट सांगायची गरज नाही. पार्टीच्या दृष्टीने मात्र ती पुन्हा वाचावी. लेकीकडे निघालेली म्हातारी जंगलात एकेका जनावराला भेटते, आत्ता मी हाडकुळी आहे, लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असं सांगून सुटते. येताना भोपळ्यात बसून गडगडत त्यांच्यासमोरून निघून जाते. म्हणजे जाताना ठरावीक थांबे, येताना तेच थांबे, प्रत्येक थांब्याला तेच संभाषण आणि एक पालुपद. मुलांना एकदा ऐकवलं की दुसऱ्या जनावरापासून ती स्वतःच म्हणू लागतात. पात्रं हवी तेवढी वाढवता येतात, त्यामुळे कोणी रडत नाही. आमच्या जंगलात चार वाघ होते आणि एक जिराफ. जिराफ मांस खात नाही हे त्याला सांगून पाहिलं. त्याला चालणार होतं.

शिवाय लोककथा कुणाच्या मालकीची नाही. चित्रं स्वतः काढा, बदला, छापा, वाटा.

आमंत्रणापासूनच पुस्तक करायचं ठरवलं. ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ चौकोन करायचे, मधल्या घडीवर एकच काप द्यायचा, आणि कागद पुन्हा दुमडला की आठ पानांची चिमुकली पुस्तिका तयार होते. डिंक नको, पिना नकोत. लेकीने काळ्या पेनने चित्रं काढली, आम्ही त्यांच्या झेरॉक्स काढल्या. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर काठी घेतलेली म्हातारी, मग कोल्हा, मग वाघ, मग लेकीचं घर, मग भोपळा, सातव्या पानावर भोपळा अडवून उभा राहिलेला कोल्हा. आठवं पान कोरं. गोष्टीचा शेवट काढून आणा, एवढीच तळाला विनंती. पत्ता नि वेळ कागदाच्या मागच्या बाजूला.

ही आमंत्रणं शाळेच्या दप्तरांतून घरोघरी गेली आणि खरी गंमत सुरू झाली.

कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आणि त्यातले आठेक लाख भारतीय. त्यांत मल्याळी सर्वांत जास्त दिसतात, मराठी माणसं शोधून काढावी लागतात किंवा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटतात. त्यामुळे मुलांचा वर्ग म्हणजे इजिप्त, फिलिपिन्स, पाकिस्तान, इराण, केरळ, बंगाल असा सगळा मेळ. या मराठी गोष्टीचा अर्थ त्या आयांना समजावून सांगावा लागेल असं मी धरून चालले होते. पहिला निरोप आला वर्गातल्या इराणी मुलीच्या आईचा. ही तर आमची गोष्ट, तुम्हाला कुठे मिळाली?

तिचं खरं होतं. इराणात गडगडणाऱ्या भोपळ्याची गोष्ट दर घरी ठाऊक असते. तिथेही म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत लांडगा, बिबळ्या आणि सिंह भेटतात, आणि ती भोपळ्यात बसून परतते. पाठोपाठ बंगाली आई आली. उपेंद्रकिशोर राय चौधुरींच्या 1910 सालच्या 'टुनटुनिर बोई'त कुबड्या म्हातारीची गोष्ट आहे. तिची म्हातारी नातीकडे जाते, दुधीच्या पोकळ खोळीत बसून येते आणि तिला शेवटी वाचवतात ते रंगा आणि भंगा हे दोन कुत्रे. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांनी हीच गोष्ट 2013 साली इंग्रजी चित्रपुस्तकात आणली. पाकिस्तानी पंजाबी घरात म्हातारी नाही, कोकरू आहे. ते आजीकडे चरायला जातं आणि परतताना नगाऱ्यात बसून येतं. फ्लोरा ॲनी स्टील यांच्या 1894 सालच्या 'टेल्स ऑफ द पंजाब'मध्ये ती कथा आहे, आणि तिचा शेवट मुलांना सांगण्यासारखा नाही, कारण कोल्हा त्याला ओळखतो आणि खातो. पोर्तुगालमध्येही भोपळ्यात बसून गडगडत जाणारी म्हातारी आहे. मग आपल्या आणि तिच्या मध्ये गोव्याचं काही नातं आहे का, असा विचार मनात डोकावून जातो, पण त्याला पुरावा लागतो आणि तो शोधायला हा लेख पुरणार नाही. लोककथांचे अभ्यासक जगभरच्या गोष्टींची जी क्रमवार सूची वापरतात, तिच्यात जाडा होईपर्यंत थांब असं सांगून सुटण्याच्या या कथाप्रकाराला स्वतःचा क्रमांक आहे, 122 एफ.

लहानपणी मला वाटायचं, ही म्हातारी आमच्या सातारा जिल्ह्यातली असावी.

आता भोपळा. खरा लाल भोपळा दोह्याच्या भाजीबाजारात वर्षभर मिळतो, पण त्यात बसू शकेल असं मूल नाही. आखातातल्या प्रत्येक घरात माळ्यावर एक तरी कार्गोचं मोठं खोकं असतंच. दोन खोकी जोडली, कोपरे कापून गोलसर केले, वर आपण गणपतीच्या मखराला लावतो तसे खळीने कागदाचे थरावर थर चढवले, आणि नारिंगी रंग दिला. पुढून-मागून उघडा ठेवला. एक गोष्ट पक्की ठरवली होती, भोपळा गडगडणार नाही. आत मूल असताना खोकं लोळवलं की डोकी आपटतात. म्हणून तो गादीच्या चादरीवर ठेवला आणि दोन बाबांनी चादर ओढली. मुलांना वेगाशी मतलब होता. गडगड त्यांनी तोंडाने केली.

खाण्याच्या बाबतीत मराठी घराला इथे आपली मर्यादा कळते. आपण दाण्याच्या कुटाशिवाय विचार करू शकत नाही, आणि इथल्या बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला दारातही उभं करत नाहीत. वर्गात कुणाला ॲलर्जी आहे ते आधी विचारावं, आमंत्रणातच विचारावं. साबुदाण्याची खिचडी बाद, कोशिंबीर बाद, लाडवांतले निम्मे बाद. जेली आणि मार्शमॅलोच्या पाकिटावर जिलेटिन हलाल आहे का ते वाचावं. अंड्याविना केक हवा असलेली दोन-चार घरं असतातच. या सगळ्यातून गाळून जे उरलं ते गोष्टीतलंच निघालं: लाल भोपळ्याचे घारगे. भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, वेलची, आणि जाडसर पुऱ्या तळायच्या. दाणे नाहीत, अंडी नाहीत, जिलेटिनचा प्रश्नच नाही. इजिप्शियन आईने त्यावर मध घातला. आजीने तोंड वळवलं, पण काही बोलली नाही.

आजीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही पार्टी झाली नसती. दर हिवाळ्यात दोह्याच्या मराठी घरांत आया येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा सुसह्य झाली की व्हिजिट व्हिसा काढला जातो, मुंबईहून चारेक तासांचं विमान, घड्याळ अडीच तास मागे, आणि म्हातारी लेकीकडे पोचते. तिथे तिला काहीही करू दिलं जात नाही. तूप, खजूर, पिस्ते, कुनाफा. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट, लिफ्टला वीज गेली तर म्हणून तळमजला. दोन महिन्यांत अंगावर थोडं मांस चढतं. मग परतीची तिकिटं. गोष्टीतल्या म्हातारीचं आणि हिचं वेळापत्रक तंतोतंत जुळतं, फक्त वाटेत वाघाऐवजी इमिग्रेशनचा काउंटर भेटतो आणि भोपळ्याच्या जागी खिडकीजवळची सीट.

गोष्ट वाचता वाचता मला आणखी एक लक्षात आलं. ती लेक कोण आहे, तिचं घर कसं आहे, तिला मुलं आहेत की नाहीत, कुणीच सांगत नाही. ती आईला खायला घालते आणि भोपळा देते, एवढंच तिचं काम. भोपळ्यात बसवून पाठवायची युक्ती बऱ्याच सांगण्यांत तिचीच असते, पण पुस्तकाच्या नावात म्हातारी आहे आणि भोपळा आहे. परदेशात राहणाऱ्या लेकींनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. मी पार्टीत लेकीला थोडे जास्त संवाद दिले.

आजीने लुगडं नेसून काठी घेतली आणि गोष्ट मराठीतच सांगितली, मी मध्ये मध्ये इंग्रजी जोड दिली. पालुपद सगळ्यांनी मराठीतच धरलं. हे सगळं केकच्या आधी. केकनंतर वीस मुलांना बसवून काही सांगण्याचा विचारही करू नये. औक्षणही आधीच उरकलं, कारण आजीच्या मते तेवत्या निरांजनाने ओवाळायचं आणि लगेच मेणबत्त्या फुंकायला लावायच्या, यात मध्ये निदान अर्धा तास तरी जावा. वर्गातली दोन मुलं आली नव्हती. काही घरांत वाढदिवस साजरा करत नाहीत, आणि ते आधीच नम्रपणे कळवतात. त्यांच्या पुस्तिका आम्ही दुसऱ्या दिवशी दप्तरातून पाठवल्या. परतभेटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या नको होत्या. इथे रमजानच्या चौदाव्या रात्री मुलं गरंगाओ मागायला निघतात, नटूनथटून, गळ्यात कापडी पिशवी अडकवून, आणि घरोघरी त्यात सुकामेवा नि मिठाई पडते. तशाच लहान पिशव्या शिंप्याकडून शिवून घेतल्या. आत खडूंची पेटी आणि कोऱ्या कागदाची आणखी एक आठ पानी पुस्तिका.

मग कोरी पानं बाहेर निघाली. बंगाली मुलाने अर्थातच दोन कुत्रे काढले होते. पाकिस्तानी मुलीने कोकराला नव्हे, कोल्ह्याला नगाऱ्यात कोंडून टाकलं होतं. फिलिपिनो मुलाने म्हातारीला विमानात बसवून थेट मनिलाला पाठवलं. एका केरळी मुलीच्या चित्रात वाघ, कोल्हा आणि म्हातारी एका टेबलाभोवती बसले होते आणि टेबलावर बिर्याणी होती. आजीने ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हातारीच्या ताटात वाघापेक्षा कमी बिर्याणी का, असं विचारलं.

इराणी मुलीच्या आईने जाताना भोपळ्याच्या आतल्या रंगाबद्दल एक तक्रार केली, तो आतून पिवळा हवा होता. बंगाली आईची तक्रार अधिक गंभीर होती. तिच्या मुलाचा वाढदिवस मार्चमध्ये आहे, त्याला हीच गोष्ट हवी आहे, पण त्याला लाल भोपळा चालत नाही, दुधी लागतो, आणि लांबट. त्यामुळे आमची खोकी तिसऱ्या खोक्याला जोडली गेली आहेत, नारिंगीवर हिरवा रंग चढतो आहे, आणि रंगा-भंगासाठी कुणाकडे दोन कुत्र्यांचे पोशाख आहेत का, हे सध्या ग्रुपवर विचारलं जात आहे.